चिलखताची काख

साठच्या दशकात तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं, तेव्हा मी तिथे फिटर होतो. डोकं भयंकर तापट. मुकादमाशी आठवड्यातून एकदा तरी वाजायचंच. संध्याकाळी एका म्हाताऱ्या कोळी वस्तादांकडे तलवार शिकायला जायचो. तलवार लाकडाची, पण विद्या आपल्या आजोबांपासूनची, असं ते छाती ठोकून सांगत.

वडील गेल्यावर मला काकांनी वाढवलं. त्यांचं मनोरला वाण्याचं दुकान. तालमीची बातमी कळताच त्यांचं पत्र आलं : ‘जत्रेतला तुझा खेळ बघायला येतो. डोकं ठिकाणावर दिसलं तर राहा. नुसता धसमुसळेपणा दिसला, तर त्याच दिवशी माझ्याबरोबर दुकानावर.’ काकांचा शब्द म्हणजे शब्द! मला गूळ तोलत बसायचं नव्हतं.

खेळ होता चिलखतवाल्याशी. रॉकेलच्या डब्यांचे पत्रे ठोकून वस्तादांनी चिलखत केलं होतं आणि ते एका धिप्पाड खलाशाच्या अंगावर चढवलं होतं. माझ्या तलवारीच्या टोकाला चुन्यात बुडवलेली चिंधी. पत्र्याच्या फटीत पांढरा डाग उमटला, तर मी जिंकलो.

वस्ताद महिनाभर घसा फोडून सांगत होते, “लोकंडावर मारून काय होनार हाय? चिंबोरीच्या टनक पाटीवर सुरी मारतोस काय? सांदा बग! डावा हात पात्यावर धर, तलवार आखूड कर, नि टोक खुपस.” मान, काख, गुडघ्यामागची खोबण, एवढ्याच जागा. हे सगळं मला पाठ होतं.

पण खलाशाने आपल्या लाकडी तलवारीच्या पहिल्याच फटक्याला माझी टोपी उडवली, लोक हसले, आणि माझं टाळकं सटकलं. ठाण ठाण ठाण! पत्र्यावर नुसता बडवत सुटलो. आवाज चिकार, डाग एक नाही.

वस्ताद ओरडले, “काक बग! अरे, काक बग!”

मला ऐकू आलं, काका बघ. झालं! भर खेळात मी मान वळवून काकांना शोधायला लागलो. ते पुढेच उभे होते, आणि त्यांच्या काखेत माझी वळकटी! खोलीवरून आधीच बांधून आणली होती. मी तिच्याकडे बघतच राहिलो. तेवढ्यात डोक्यात सणसणीत फटका बसला.

“गाढवा, माझ्याकडे काय बघतोस!” काका गर्दीच्या वर ओरडले. “काख बघ म्हणतायत ते! त्याची काख!”

खलाशाने पुढच्या फटक्यासाठी हात उचलला होता. मी डावा हात पात्यावर नेला, खाली वाकलो आणि टोक वर खुपसलं. काखेत पांढराशुभ्र डाग! वस्तादांनी मला चक्क उचलून घेतलं.

काका मला घेऊन जायच्या तयारीने आले होते, आणि जिंकायचं कसं ते त्यांनीच ओरडून सांगितलं. वस्तादांनी विद्या दिली. त्यांचे उपकार आहेतच. राग आला की आजही आधी फट शोधतो. पण त्या एका आरोळीचं काय करू?

काका पुढे आले. माझं टेंगूळ चाचपलं. मग काखेतली वळकटी काढून माझ्या हातात दिली.

“खोलीवर नेऊन टाक,” म्हणाले. “आणि येत जा अधूनमधून.” एवढं बोलून ते एकटेच एसटीकडे निघाले.