महालक्ष्म्यांची गोळी

“दोन्ही बाजूंना आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या आणि सोनोग्राफीचा पडदा माझ्याकडे वळवला. डाव्या बीजकोशावर लिंबाएवढी गाठ, उजव्यावर बोराएवढी. आजाराचं नाव एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर बाहेर, भलत्याच ठिकाणी वाढतो. पाळीत तोही पाझरतो, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. ते साठून गाठ होते. जुनं रक्त चॉकलेटसारखं दिसतं म्हणून तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. हे ऐकल्यापासून मी चॉकलेट खाल्लेलं नाही.

“पाळीत एवढं दुखतं, मग इतकी वर्षं कुणाला दाखवलं नाही?”

“ते गोळ्यांमुळं दुखतं ना.”

“कसल्या गोळ्या?”

पाळी पुढं ढकलायच्या. आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. तीन दिवस सोवळं, सोळा भाज्या, पुरणाचा नैवेद्य. त्यात घरातल्या सुनेची पाळी यायला नको, म्हणून आठवडाभर आधीपासून गोळ्या सुरू. पुढं नवरात्र, कुणाचं लग्न, कुणाची वास्तुशांत. माहेरीही हेच होतं. गोळ्या बंद केल्या की पाळी जोरात यायची, मी पोट धरून भिंतीला टेकून बसायची आणि सगळ्या म्हणायच्या, गोळीनं होतं असं. मीही तेच म्हणायची. ज्या महिन्यात गोळी घेतली नव्हती त्या महिन्यातही दुखायचं, हे कधी ताडून पाहिलं नाही. मी गणित शिकवते.

“गोळ्यांनी हा आजार झालेला नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पण दुखण्याचं खापर त्यांच्यावर फुटत राहिलं आणि आजाराला कुणी विचारलंच नाही.”

तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते. फुलंब्रीजवळच्या शाळेत शिक्षणसेवक होते, म्हणजे आधी तीन वर्षं मानधनावर शिकवायचं, मग कायम. त्यातलं दीड वर्ष उरलं होतं. मूल त्यानंतर, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं.

एएमएच नावाची रक्ततपासणी झाली. बीजकोशांत स्त्रीबीजांचा साठा किती उरला आहे याचा अंदाज तिच्यावरून येतो. नमुना मुंबईला जायचा. अहवालासाठी चार दिवस थांबायचं होतं. त्या चार दिवसांत मी फळ्यावर एकच उदाहरण दोनदा सोडवलं आणि पोरांनी मुकाट्यानं दोनदा उतरवून घेतलं.

साठा माझ्या वयाच्या मानानं बराच कमी निघाला.

“दीड वर्ष थांबले तर?” मी विचारलं.

“थांबता येईल. दुखणं औषधानं आवरता येईल. पण दीड वर्षानं किती उरलेलं असेल ते मला सांगता येणार नाही. ऑपरेशन लगेच केलं तर गाठीबरोबर थोडा चांगला भागही जातो. मूल हवं असेल तर आधी सहा महिने प्रयत्न करून बघा. मूल हा या आजारावरचा इलाज नाही, हेही लक्षात ठेवा. लोक सांगतील तसं.”

बाहेर पडल्यावर मी नवऱ्याला विचारलं, काय करायचं. ते वाळूजच्या कारखान्यात आहेत, बोलणं कमी.

“नोकरी तुझी, पोट तुझं. मी व्हय म्हणून काय होतंय?”

“मग तुम्ही कशाला आलात?”

“गाडी चालवायला,” ते म्हणाले. दवाखान्यासमोर, उस्मानपुऱ्याच्या चौकात, भर रहदारीत, मला हसू आलं आणि मग राग आला.

दोन आठवडे झोप अशी लागलीच नाही. बसमध्ये उभी राहायची, जागा असली तरी. शेवटी अहवालाच्या पाकिटावर दोन रकाने आखले. उशिरा झालं तरी मिळेल असं काय, आणि उशिरा झालं तर मिळणारच नाही असं काय. नोकरी पहिल्या रकान्यात गेली. दुसऱ्यात एकच गोष्ट होती, तीही ‘कदाचित’ लिहून. मग तिसरा प्रश्न खाली लिहिला: मला मूल हवं आहे, की संपत चाललंय म्हणून हवंसं वाटतंय? त्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. तुम्हीही घालवा. माझं उत्तर ‘हवं आहे’ असं आलं.

एक सूचना. नवऱ्याची तपासणी पहिल्याच आठवड्यात करून घ्या. आमच्याकडे ती नाईट शिफ्टच्या नावाखाली तीन आठवडे लांबली. मी म्हटलं, “माझ्या पोटात कॅमेरा घालायची बोलणी चाललीत, तुम्हाला एक डबी जमत नाही?” दुसऱ्या दिवशी गेले. काही दोष निघाला नाही.

पाच महिने रिकामे गेले. सहाव्यात महालक्ष्म्या आल्या. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, नेहमीसारखं गोळ्यांचं पाकीट आणून ओट्यावर ठेवलं.

“आणलीय बघ.”

“आत्याबाई, या वर्षी गोळी नाय. डॉक्टर महिना मोजतायत.”

“अन् ऐन जेवणाच्या दिवशी आली मंजी?”

“आली तर आली.”

त्यांनी पाकीट उचललं नाही. ते दहा दिवस तिथंच पडून होतं आणि येता-जाता आम्ही दोघी त्याच्याकडे बघत होतो.

जेवणाच्या दिवशी सकाळीच आली. सहावा महिनाही गेला. मी मागच्या खोलीत जाऊन बसले. दुखणं एकीकडे, आणि त्याहून वाईट दुसरीकडे. थोड्या वेळानं आत्याबाई दारात आल्या. हातात विळी.

“आली का?”

मी मान हलवली.

“लई दुखतंय?”

इतक्या वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं. मी ‘हो’ म्हटलं आणि रडले.

“गोळी घे दुखायची. अन् मग ये. सोळा भाज्या काय मी एकटीनं चिरू?”

“आत्याबाई, सोवळं...”

“लक्ष्म्या बी बायाच हायेत. त्यांना कळतंय.”

मी भाज्या चिरल्या.  कुणाची बोलायची छाती नव्हती, विळी आत्याबाईंची होती.

पुढं दुर्बिणीतून डावीकडची गाठ काढली. त्यानंतर चौथ्या महिन्यात दिवस राहिले. मुलगी झाली. कायम नेमणूक रजेमुळं काही महिने लांबली, पण झाली. दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी अजिंठ्याकडची एक बाई बसायची. तिनं माझ्याइतकंच केलं, किंबहुना जास्त. तिला मूल झालं नाही. म्हणून मी कुणाला ‘होईल’ असं सांगत नाही. वेळेत विचारा, एवढंच सांगते. त्या डॉक्टरबाईंचे आभार यासाठीच, की त्यांनी मला एकदाही ‘काळजी करू नका’ म्हटलं नाही.

मुलगी आता अकरा वर्षांची आहे. गेल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या आधी माझ्या नणंदेची अठरा वर्षांची पोर आली आणि आजीच्या कानाशी लागली. तिला गोळी हवी होती. आत्याबाईंनी हातातलं पुरण बाजूला ठेवलं.

“तारीख राहू दे. दुखतंय का तुला?”

“दुखतं की. सगळ्यांनाच दुखतं.”

“शाळा-कॉलेज बुडतंय का?”

“दोन दिवस.”

आत्याबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि मला हाक मारली. “चप्पल घाल गं. पुरण राहू दे. उस्मानपुऱ्याला दवाखान्यात जायचंय.”