सुंदरम्माने भरलेला डेरा

सारजाबाई गिरणीतल्या मुकादमाला भीत नव्हती. प्लेगाच्या साली सगळं मंद्रूप गाव माळावर राहायला गेलं, तेव्हा झोपडीत शिरलेला साप तिनंच ठेचला होता. पण यंदा नवऱ्याचा, कोंडीबाचा, ताप हटला आणि त्याला अन्नच जाईना, तेव्हा मात्र ती भ्याली. वैद्यानं सांगितलं होतं, पोटात काही गेलं तरच माणूस उठेल.

शेवटी कोंडीबाच म्हणाला, "सारजे, खेकड्याचं कालवण खावं वाटतंय बघ."

तिनं माहेरी सांगावा धाडला. भाऊ ज्ञानू नदीतले खेकडे फडक्यात बांधून घेऊन आला, तो नेमका सोमवारी. ग्रामदैवत सिद्धरामाचा वार! घरात वशाट शिजायचं नाही. खेकडे उद्यापर्यंत जगवायला हवे होते. आईची शिकवण पक्की होती : खेकडा पाण्यात बुडवून ठेवू नये, गुदमरतो, डेऱ्यात खाली ओलं पोतं, वर ओलं पोतं. आणि मेलेला खेकडा चुलीवर चढवायचा नाही, त्यात वीख असतं.

मंगळवारी ती गिरणीतून धावतच आली. पोतं उचललं, आणि हात तसाच राहिला. डेरा काठोकाठ भरलेला. तळाशी खेकडे गप्प.

"सुंदरम्मा! ह्यात पाणी कुणी वतलं?"

शेजारची विणकराची सुंदरम्मा हसतच आली. "मीच की, अक्का! नदीतला जीव, कोरडा कसा राहील? आमच्या वाट्याचं नळाचं पाणी, सगळं वतलं."

चैत्रातलं सोलापूर. घागरभर पाण्यावरून चाळीत झिंज्या उपटल्या जायच्या. ओठावर आलेली शिवी सारजाबाईनं गिळली. "बरं केलंस बाई," ती कशीबशी म्हणाली.

डेऱ्यातलं पाणी घागरीत काढून तिनं खेकडे फरशीवर पसरले. वाट पाहिली. एकही हलेना.

आतून क्षीण हाक आली, "शिजलं का गं?"

"शिजतंय, शिजतंय!"

चूल पेटलीसुद्धा नव्हती. तिनं एकाच्या डोळ्याला काडी लावली. डोळा आत गेला, की काडीच हलली? तिचा स्वतःच्या हातावर भरवसा राहिला नव्हता. मग तिनं सरळ बोटच नांगीत घातलं. "चाव. चाव की, मुडद्या!"

काही नाही. दुसरा. तोही ढिला. तिसऱ्यानं मात्र असं कचकन धरलं, की डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं गं?"

"काय न्हाय! मसाला वाटतीया."

तसेच जिवंत आणखी दोन निघाले. बाकीचे तिनं सुंदरम्माच्या नकळत उकिरड्यात पुरले. रक्ताळल्या बोटाला चिंधी बांधून कालवण केलं, कोंडीबापुढं वाटी नेली. त्याचा हात पुढं आला, तशी तिनं वाटी मागं घेतली आणि स्वतःच मोठा घोट घेतला.

"आगं, मला की!"

"थांबा. लई गरम हाय."

ती भिंतीला टेकून बसली. मेलेल्यांचं वीख त्याच पाण्यातून जित्यांत उतरलं असलं तर? पोटात कळ येते का, जीभ जड होते का, घाम कशाचा सुटलाय. तो वाटीकडं बघत होता, ती स्वतःच्या आत.

"सारजे, पार गार झालं की."

तिनं वाटी त्याच्या ओठांना लावली. "गारच प्या," ती म्हणाली. "हळू."