घरातला एकमेव पालक

आमच्या घरच्या कम्प्युटरच्या मते घरात तीन लहान मुलं आहेत. तेरा वर्षांची आमची चिमणी, मी, आणि आमचे हे. यांचं वय चोपन्न, कानांवर केस.

हे लिफ्ट दुरुस्त करतात. यांच्या टोळीत एक नियम आहे. माणूस लिफ्टखाली उतरला की वीज बंद करून बटणांच्या पेटीला कुलूप लावायचं आणि चावी टोळीतल्या सगळ्यात वयस्कर माणसाकडे द्यायची. तो रुसलेला असो, पेंगत असो, चावी त्यानेच काढून द्यायची. दुसऱ्याने त्याच्या खिशात हात घालायचा नाही. सव्वीस वर्षं हे धडधाकट घरी येतायत ते या नियमामुळे, म्हणून तो यांच्या हाडीमाशी खिळलाय.

चिमणी शाळेतून आली की कम्प्युटरला चिकटायची. पालकाने पासवर्ड टाकल्याशिवाय तो उघडूच नये अशी सोय करायला आम्ही कम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने विचारलं, "पालक म्हणून कुणाचं नाव घालू?"

"आईचं," हे म्हणाले.

तो माझं नाव विचारायला लागला. "हिचं नाही हो, माझ्या आईचं."

"काका, पालक म्हणजे तुम्ही."

"आई समोर बसलेली असताना मी कसला पालक?"

मला वाटलं, थट्टा चाललीय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाईंनी हाताचा आडोसा करून सहा आकडी पासवर्ड टाकला. "कुणाला सांगू नकोस, मलासुद्धा," हे त्यांना म्हणाले.

"तुला तर मुळीच नाही," त्या म्हणाल्या.

खरं सांगते, गुडघे गेल्यापासून सासूबाईंना घरात कुणी काही विचारत नव्हतं. मीही नाही. आता त्यांची खुर्ची कम्प्युटरशेजारी आली आणि राज्यकारभार सुरू झाला. चिमणीला अभ्यासापुरता अर्धा तास. मला शिवणकामाचा व्हिडिओ नामंजूर, "आधी मागचा ब्लाउज पुरा कर" म्हणून. यांना पंधरा मिनिटं, तीही नखं तपासून. नखांत ग्रीस दिसलं की अर्ज नापास. चोपन्न वर्षांचा माणूस दोन्ही हात पुढे करून उभा राहायचा आणि चिमणी खो खो हसायची.

मग सासूबाई सगळ्यांनाच नाही म्हणू लागल्या. चिमणीने केस नीट विंचरले नाहीत. मी दार आपटलं. यांनी दूध अर्धं टाकलं. आठ दिवस, दहा दिवस, पडदा काळाच. आणि इकडे यांच्या परवान्याची मुदत संपत आलेली. तीस तारखेपर्यंत अर्ज भरला नाही तर यांना लिफ्टला हात लावता येणार नव्हता, म्हणजे घरीच बसायचं. अर्जाला लागणारे सगळे दाखले त्याच कम्प्युटरमध्ये.

"आई, नोकरीचं काम आहे गं. दे ना."

"आवाज चढवून बोललास. आज नाही."

माझं डोकं फिरलं. म्हातारीला सत्तेचा माज चढलाय, असं मी यांच्या तोंडावर म्हणाले. सत्तावीस तारखेला दुपारी त्यांच्याशी भांडायच्याच तयारीने मी खोलीत शिरले, तर त्या दाराकडे पाठ करून एका बोटाने आकडे दाबत होत्या. पडद्यावर तांबडी अक्षरं आली, 'पासवर्ड चुकीचा'. त्यांनी मांडीवरच्या औषधाच्या खोक्यावर काहीतरी खोडलं आणि पुन्हा दाबायला लागल्या. मी आल्या पावली परतले.

त्या झोपल्यावर ते खोकं मी यांना दाखवलं. लग्नाची तारीख, जुना घर नंबर, सगळं खोडलेलं. यांची जन्मतारीख तीन वेगवेगळ्या सालांची लिहून खोडलेली, आणि तिन्ही सालं चुकीची. यांनी खोकं जिथल्या तिथे ठेवून दिलं. मला माझे ते माजाचे शब्द आठवले आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कम्प्युटरवाला पाच मिनिटांत उघडून देईल," मी म्हणाले.

"तिच्यासमोर?"

"त्या झोपल्यावर."

"खिशात हात घालायचा नाही," हे म्हणाले. यांनी ट्रंकेतून मूळ कागदांचं गाठोडं काढलं, दोन दिवसांची रजा टाकली आणि परवाना कचेरीच्या रांगेत जाऊन उभे राहिले. तीस तारखेला, खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं असताना, शिक्का मिळाला. तिथला कारकून म्हणाला म्हणे, "अहो, हे घरबसल्या होतं!" "आमच्या घरी परवानगी नाही," यांनी सांगितलं.

चिमणी आता शाळेतल्याच कम्प्युटरवर अभ्यास उरकते. आमच्या कम्प्युटरवर धूळ बसू नये म्हणून मी तो पुसते. संध्याकाळी हे आले की हातपाय धुऊन सासूबाईंच्या खुर्चीपुढे उभे राहतात.

"आई, आज पंधरा मिनिटं मिळतील?"

त्या ताठ बसतात, चष्मा सारखा करतात, यांचे दोन्ही हात उलटसुलट करून बघतात.

"आधी नखं काप."

"बरं," म्हणून हे नेलकटर घेऊन त्यांच्या पायाशी बसतात. कापायला नखं उरलेलीच नाहीत, तरी कापत बसतात.