सेंट मेरीचा वळसा

चिनूक गावात वेंडेल टॉफ्टेला लोक वेळेसाठी ओळखत. मोंटानाच्या त्या उघड्याबोडक्या माळावर तो शाळेची पिवळी बस चालवायचा. गुडघाभर बर्फ असो की डोळ्यांत माती घालणारा वारा, शेताच्या फाटकाशी उभ्या असलेल्या पोरांना त्याने कधी ताटकळत ठेवलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो त्याच शाळेचे बॉयलर दुरुस्त करायचा, भिंती रंगवायचा. लग्न त्याने केलं नव्हतं. तरुणपणी दवाखान्यातल्या एका नर्सबाईबरोबर तो दोनदा नाचाला गेला होता. पुढे बाप आजारी पडला, मग बाप गेला, मग आई एकटी राहिली, आणि असं करता करता पन्नाशी मागे पडली. नर्सबाई केव्हाच कॅनडाला निघून गेली होती.

आई थेल्मा आता ऐंशीच्या पुढची. कान तिखट, जीभ त्याहून तिखट. मागच्या हिवाळ्यात ती परसदारच्या पायरीवरून घसरली आणि वेंडेल बस घेऊन परतेपर्यंत बर्फातच पडून राहिली. ती पायरी हलते हे वेंडेलला ठाऊक होतं. येत्या रविवारी ठोकू, येत्या रविवारी ठोकू, असं तो कर्जबुडव्यासारखा स्वतःला सांगत आला होता. खुब्याचं ऑपरेशन झालं, थेल्मा चाकांचा वॉकर धरून घरभर फिरू लागली, पण वेंडेल बसच्या फेरीवर असला की त्याचं सगळं लक्ष घराकडे लागून राही. वसंतात एक दिवस त्याने स्पोकेनला बहिणीला फोन केला. सोल्वेग त्याच्याहून धाकटी, नवऱ्याबरोबर तिकडे कधीची स्थायिक झालेली.

"मला आता झेपत नाही गं," एवढंच तो म्हणाला.

सोल्वेग म्हणाली, पाठव तिला माझ्याकडे. त्या रात्री वेंडेलला गाढ झोप लागली, आणि ह्या एका गोष्टीची त्याला सगळ्यात जास्त लाज वाटत राहिली.

घर एका तरुण जोडप्याने घेतलं. वेंडेलने स्वतःसाठी हार्डवेअरच्या दुकानावर एक खोली बघितली. थेल्माने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं, पण ती नुसतं ठीक आहे म्हणाली आणि कपाटं रिकामी करायला बसली. तिने एकच गोष्ट हट्टाने केली. घरामागच्या चोकचेरीच्या झुडपांना त्या वर्षी फळ लगडलं होतं. वॉकर धरून ती झुडपांपाशी जायची, त्या तुरट काळ्या चेरी परातभर तोडायची आणि स्टूलवर बसून त्यांची जेली आटवायची. बरण्यांच्या कितीतरी पेट्या भरल्या.

सामान हलवायला वेंडेलने एक मोठा ट्रक भाड्याने घेतला. सामान चढवत असतानाच त्याच्या डोक्यात वळशाचं खूळ शिरलं. बाप दर उन्हाळ्यात आईला म्हणायचा, गवत कापून झालं की डोंगर बघायला जाऊ. डोंगर चिनूकपासून जेमतेम अर्ध्या दिवसावर. पण बाप गेला तरी ते झालं नाही, आणि पुढे वेंडेलनेही तिला कधी नेलं नाही. आता ट्रकच्या बॉनेटवर नकाशा पसरून तो बोटाने रस्ता चाचपू लागला. सरळ पश्चिमेला जायचं, ब्राउनिंगला उजवीकडे वळायचं, सेंट मेरीच्या तळ्याकाठी बसून आईला सँडविच खायला द्यायचं, आणि संध्याकाळच्या आत मुख्य रस्त्याला लागून कॅलिस्पेलला मुक्काम. दुसऱ्या दिवशी दुपारी स्पोकेन. तिथे सोल्वेगने सामान उतरवायला चर्चमधली धट्टीकट्टी मंडळी सांगून ठेवली होती. वळशाचं तिला त्याने कळवलं नाही. तिने नको म्हटलं असतं.

निघायच्या सकाळी थेल्मा म्हणाली, "ह्या बरण्या माझ्या पायाशी ठेव."

पायाशी ठेवायच्या तर पुढची बॅग मागे टाकायची, दोऱ्या सोडायच्या, पुन्हा बांधायच्या. वेंडेलला उजेड असेपर्यंत तळं गाठायचं होतं. तुझा पाय अवघडेल, असं सांगून त्याने पेट्या मागे ड्रॉवरच्या कपाटावर चढवल्या आणि दार ओढून घेतलं.

घर नजरेआड होईपर्यंत थेल्माने मागे वळून पाहिलं नाही. नंतर मात्र ती वाटेतली प्रत्येक धान्याची कोठी, प्रत्येक चर्च कुणाच्या कुठल्या नातेवाइकाचं ते सांगत राहिली. ब्राउनिंगला ट्रक उजवीकडे वळला तशी तिने रस्त्याची पाटी वाचायला मान पुढे काढली.

"हा रस्ता स्पोकेनला जातो?" तिने विचारलं.

"जरा वळसा आहे. तुला तळं दाखवतो."

"सोल्वेगला माहीत आहे?"

"नाही."

"आणि ट्रकला सांगितलंस का? तो मघापासून कुरकुरतोय."

वेंडेल हसला. त्याला वाटलं, जमलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना अ‍ॅस्पेनची झाडं पिवळीजर्द झाली होती आणि समोर डोंगर एकामागून एक उभे राहत होते. पण वारा भलता होता. ट्रकची उंच पेटी त्यात सापडून डोलायला लागली, तसं त्याने दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलं.

तळ्याकाठच्या गाड्या लावायच्या जागेत त्याने ट्रक थांबवला आणि आईला हात धरून उतरवलं. पाणी निळंशार होतं, त्यावर वाऱ्याने पांढऱ्या लाटा उठवलेल्या. पलीकडे डोंगरांच्या माथ्यावर पहिला बर्फ पडून गेलेला. थेल्मा एका हाताने वॉकर आणि दुसऱ्याने डोक्यावरचा रुमाल धरून उभी राहिली. वेंडेल तिच्या चेहऱ्याकडे बघत होता.

"कसं वाटतंय?"

"मोठं आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "छान आहे रे. पण तू तळं बघतच नाहीस. मघापासून माझं तोंड बघतोयस."

"तुला इथं आणायचं राहून गेलं होतं."

"राहून पुष्कळ गेलंय. ते सगळं एका दुपारी उरकणार आहेस?"

तिने आवाज चढवला नव्हता. गवळ्याला उद्या दूध जास्त घाल म्हणावं इतक्या साध्या सुरात ती पुढे म्हणाली, "मला खूश करायचं आणि मग सोडून यायचं. म्हणजे परतताना तुला हलकं वाटेल. असंच ना?"

तसंच होतं. तसंच आहे हे त्याला त्या क्षणापर्यंत स्वतःलाही कळलेलं नव्हतं. त्याने तिला पुन्हा वर बसवलं आणि इंजिन सुरू केलं. पुढे लांब गाड्यांना बंदी असल्याची पाटी होती, तेव्हा ट्रक तिथेच वळवायला हवा होता. जन्मभर बस वळवलेला माणूस, पण त्याचे डोळे भरून आले होते आणि आरसा नीट दिसत नव्हता. मागचा कोपरा दगडी कठड्यावर धाडकन आदळला. पाठोपाठ आतून काच फुटल्याचा आवाज आला, आणि तो बराच वेळ येत राहिला.

त्याने दार वर सरकवलं. पेट्या कपाटावरून खाली पडल्या होत्या. जांभळा चिकट रस कपाटाच्या पुढच्या बाजूने ओघळून थेल्माच्या गादीवर पसरला होता आणि दाराच्या फटीतून थेंब थेंब खाली गळत होता. वेंडेल तिथे नुसता उभा राहिला. मागून वॉकरची चाकं खडीवर वाजली.

"म्हटलं होतं, पायाशी ठेव," थेल्मा म्हणाली. त्यानंतर तो विषय तिने कधीच काढला नाही. काढला असता तर त्याला जास्त बरं वाटलं असतं.

वेंडेलने ट्रक तळ्याजवळच्या गावात नेला. गाव म्हणायला तिथे एक पेट्रोल पंप, एक मोटेल आणि दोन-चार दुकानं. पंपावर रोझलिन नावाची, तिथल्या ब्लॅकफीट आदिवासी जमातीची एक बाई होती, थेल्माहून वीसेक वर्षांनी लहान. तिने ट्रकच्या मागून ठिबकणारा रस बघितला, बोटावर घेऊन हुंगला आणि काही न विचारता पाण्याची नळी आणि बादली आणून दिली. थेल्मासाठी तिने खुर्ची मांडली. थेल्मा मांडीवर फडकं घेऊन धड राहिलेल्या बरण्या पुसू लागली. वेंडेल गादी रस्त्याकडेला आडवी टाकून ब्रशने घासत बसला.

तिकडे दोघींची जुंपली. रोझलिनचं म्हणणं, चोकचेरी बियांसकट कुटायची, वड्या थापायच्या आणि वाळवायच्या, तिची आजी तसंच करायची. थेल्माचं म्हणणं, बिया गाळून टाकल्या नाहीत तर दात पडतील.

"आजी, तुमचे दात आहेत का अजून?" रोझलिनने विचारलं.

"दोन आहेत. तेवढ्यांसाठीच गाळते."

आणि थेल्मा हसली. तोंडावर फडकं धरून, खांदे हलवत, पोटातून हसली. वेंडेलचा ब्रश थांबला. असं हसताना त्याने तिला कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. संध्याकाळी दोघं टीव्हीसमोर बसून जेवत, ती काही बोलू लागली की तो हं म्हणे, आणि हळूहळू तीही बोलेनाशी झाली होती. तो समजत होता, म्हातारपणाने ती अबोल झाली. तिला खुलवायला तळंही लागलं नव्हतं आणि डोंगरही. चेरीवरून भांडायला कुणीतरी लागलं होतं, आणि ते तो घरबसल्या करू शकला असता.

रोझलिनने बदल्यात एक बरणी ठेवून घेतली आणि घरून तळलेली गरम भाकरी आणून दिली. ती जेलीबरोबर खाता खाता ऊन उतरलं. त्या वाऱ्यात पुढे जाण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्यांनी मोटेलमध्येच मुक्काम केला. वेंडेलने सोल्वेगला फोन करून सांगितलं की वारा फार आहे म्हणून थांबलो. खोटं नव्हतं, पण खरं सांगायचं त्याने टाळलंच होतं.

दुसऱ्या दिवशी ते पोचले तेव्हा दिवे लागले होते. चर्चची माणसं दुपारभर वाट बघून निघून गेली होती. सोल्वेग ओसरीवर हाताची घडी घालून उभी होती. तिने ट्रकचा चेपलेला कोपरा बघितला, मग दार उघडल्यावर जांभळी गादी बघितली.

"हे काय करून ठेवलंस, वेंडेल? कुठे गेला होतात?"

वेंडेलने तोंड उघडायच्या आत थेल्मा बोलली, "मीच मागे लागले त्याच्या. मरायच्या आधी एकदा डोंगर बघायचे होते."

"मग मला सांगायचंस तरी, आई. लोकांना मी काय तोंड दाखवू? हे असलं आता इथे चालणार नाही हं."

पहिल्याच संध्याकाळी, दुसऱ्याच्या दारात, वॉकर धरून उभ्या असलेल्या आपल्या आईला लहान पोरीसारखी बोलणी खावी लागली. वळसा माझाच होता, एवढ्या एका वाक्याचं काम होतं. वेंडेलला ते वाक्य बोलता आलं नाही. तो वळला, ट्रकमध्ये चढला आणि मेव्हण्याबरोबर मुकाट्याने सामान उतरवू लागला.

सकाळी सोल्वेग स्वयंपाकघरात कॉफी ओतत होती तेव्हा तो म्हणाला, "वळशाचं आईने नव्हतं सांगितलं. माझंच डोकं होतं."

"माहीत आहे," सोल्वेग म्हणाली. "आईने जन्मात कधी स्वतःहून काही मागितलंय का?" मग ती कपाकडे बघत राहिली. "काल मी तिला उगीच बोलले. तुझा फोन येईपर्यंत मी एकदा तरी म्हटलं होतं का रे, तिला माझ्याकडे ठेवते म्हणून?"

तिने दुसरा कप भरून त्याच्यापुढे सरकवला.

भाड्याचा ट्रक स्पोकेनलाच परत करून वेंडेल प्रवासी बसने चिनूकला जाणार होता. निघण्यापूर्वी तो आईच्या खोलीत गेला. खिडकीतून शेजाऱ्याचं गॅरेज दिसत होतं. थेल्मा खाटेवर बसून स्वेटरची बटणं लावत होती.

"आई, तळ्यावर तू बोललीस ते खरं होतं."

"खरं होतं म्हणून तर बोलले," ती म्हणाली. "आता निघ. बस चुकेल." आणि तो दारापर्यंत गेल्यावर तिने विचारलं, "जेवणाचं काय करणार आहेस तू तिथे?"



वेंडेल अजून चिनूकला शाळेची बस चालवतो. दर रविवारी तो आईला फोन करतो आणि आता नुसतं हं म्हणत नाही. गावात कोण कुणाशी भांडलं ते शोधून ठेवतो आणि तिला सांगतो. नाताळात तो स्पोकेनला गेला, तेव्हा थेल्माने शेजारच्या म्हाताऱ्या बाईला बोलावून त्याची ओळख करून दिली.

"हा माझा मुलगा," ती म्हणाली. "ह्यानेच मला इकडे आणलं, डोंगरातून."

शेजारीणबाई म्हणाली, नशीबवान आहात. थेल्माने मान डोलावली. वेंडेल ताटातल्या बटाट्याकडे बघत राहिला, आणि थेल्माने त्याच्या ताटात अजून एक वाढला.