धडधाकट थोरली

उघड्या तलावाच्या काठावर उभी राहून ती दिवसभर मुलांना पोहायला शिकवते. उन्हाने रापलेली, आवाज खणखणीत. लहानपणी आजारी पडावं म्हणून तिने ओल्या केसांनी पंख्याखाली झोपून पाहिलं होतं. साधी शिंकही आली नाही.

आजारपणाच्या या हौसेला कारण धाकटा भाऊ. तो दोन वर्षांचा असताना गालांवर ठिपके उठले, जरा ऊन लागलं की फोड यायचे. डॉक्टरांनी निदान केलं, घरातल्या खिडक्यांना जाड काळे पडदे लागले आणि आईने नोकरी सोडली. थोरलीच्या वाट्याला एकच वाक्य आलं : "तू धडधाकट आहेस ना, मग समजून घे." शर्यतीत ती पहिली आली तेव्हाही आई मैदानावर नव्हती.

अकराव्या वर्षी तिचं डोकंच फिरलं. एका सकाळी आई आंघोळीला गेलेली पाहून तिने भावाच्या खिडकीचा पडदा बोटभर सरकवला आणि शाळेला निघून गेली. परतली तेव्हा भाऊ दवाखान्यात होता, चेहरा सुजून डोळे मिटलेले.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला बाकावर शेजारी बसवलं. "ऊन सगळ्यांनाच बाधतं. पेशीतल्या डीएनएची अक्षरं उन्हाने एकमेकांना चिकटतात. मग काही प्रथिनं ती जागा हुडकतात, बिघडलेला तुकडा कापतात आणि डीएनएच्या समोरच्या धाग्यावरची अक्षरं बघून नवा भरतात. तुझ्या भावाच्या अंगात त्यातलं एक प्रथिन धड तयारच होत नाही. म्हणून नुकसान साचत जातं."

"माझ्यात आहे ते?"

"आहे. आत्ताही काम चालू असेल."

तिला बरं वाटायला हवं होतं. पण मनात आलं, म्हणजे हेही आपलं आपणच करायचं. आई सगळी त्याची.

कबुली द्यायला तीस वर्षं लागली. भावाच्या नाकावरची गाठ काढली होती. थोरली दवाखान्यात त्याच्या उशाशी बसली होती.

"तो पडदा मी सरकवला होता," ती म्हणाली.

"बोटभर. बाकीचा मी."

"तू? कशाला?" तिने विचारलं.

"तू उड्या मारत शाळेला जायचीस. ते बघायचं होतं मला. तुझे ते उन्हाने काळवंडलेले पाय बघून इतका जळायचो मी."

"मेल्या, मग इतकी वर्षं गप्प का बसलास?"

"तू तरी कुठे बोललीस?"

तिला हसू आलं आणि रडूही. इतकी वर्षं ज्याचा हेवा केला, तो तिचाच हेवा करत होता. तेवढ्यात आई संत्रं सोलत आत आली आणि सगळ्या फोडी भावाच्या हातावर ठेवल्या. हे थोरलीने जन्मभर पाहिलं होतं. या खेपेस तिने हात पुढे केला.

"मलाही दे."

आई गोंधळली. मग पिशवीतून दुसरं संत्रं काढून तिच्याजवळ सोलायला बसली.