मी भेडाघाटला गेले तेव्हा मी ऑफिसात होते

माझ्या नवऱ्याला माझ्या मनातलं न सांगता कळतं, असं मी ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

पुरावेच तसे होते. मी आमच्या जबलपूरच्या बाजारात, बडा फुहाऱ्याच्या चौकात उतरले की यांचा फोन यायचाच, "तिथूनच कोथिंबीर घेऊन ये." आमच्या इथल्याच गोरखपूर भागात टेलरकडे गेले की, "ब्लाउज झालं का?" (ब्लाउज शिवायला टाकलंय हे मी घरात बोललेही नव्हते!) आणि दर गुरुवारी ऑफिसमधून येताना मी फुहाऱ्याजवळच्या एका हलवायाकडे उभ्या उभ्या गरम खोव्याची जिलबी खायचे, तर नेमकी त्याच रात्री घरी कारल्याची भाजी. मला शुगर आहे. जिलबीबद्दल मी कोणाला चकार शब्द सांगितला नव्हता. तरी गुरुवार आला की कारलं! हे रेल्वेतून रिटायर झाल्यापासून संध्याकाळचा स्वयंपाक यांच्याकडे आहे. मी आपली शेजारच्या टेबलावरच्या शुक्ला दीदीला कौतुकाने सांगायची की माझ्या पोटात गोड गेलं की यांना आतून कळतं. दीदी रुमालाने डोळे टिपायची.

आतून कसलं डोंबल कळतंय! फोनमधून कळत होतं.

दिवाळीत आमचा पराग पुण्याहून आला होता. मी चकल्या तळत होते, हात पिठाने बरबटलेले. तो माझा फोन घेऊन स्वयंपाकघरात आला. फोन फार स्लो झालाय, साफ करून देतो म्हणाला, जरा अंगठा दे. मी पदराला अंगठा पुसला आणि टेकवला. लेकरू आईचा फोन साफ करून राहिलं, याचं मला भरूनसुद्धा आलं. त्या अंगठ्याने मी कशाकशाला मंजुरी दिली, ते मला कोणी सांगितलं नाही. असे अंगठे घेऊन लोकांच्या जमिनी गेल्या. माझा बडा फुहारा गेला. तेव्हापासून पुण्यात पराग आणि जबलपुरात त्याचे बाबा, दोघं आपापल्या फोनवर, नकाशात मी कुठे आहे तो माझा निळा ठिपका बघत बसायचे. बाबांना तर जेवण झालं की बडीशेप आणि ठिपका.

हे सगळं मला कळलं ते एका शुक्रवारी, आणि तेही कारल्यामुळेच.

आदल्या रात्री कारलं होतंच. सकाळी डबा उघडून बघते तर डब्यातही कारलं. माझं डोकंच फिरलं. मी डबा ओट्यावर आपटला आणि म्हणाले, "एक दिवस उठून परिक्रमेला निघून जाईन, मग बसा घरात कारली चिरत."

आता हे बाहेरच्यांना सांगायला हवं. नर्मदामाईच्या काठी राहणाऱ्या बायका माहेरी जायची धमकी देत नाहीत, परिक्रमेला जायची देतात. माहेरी गेलेली बाई आठ दिवसांत परत येते. परिक्रमेला गेली की नदीच्या एका काठाने जाऊन दुसऱ्या काठाने येणार, त्यात वर्षंही जातात, आणि नवऱ्याला अडवताही येत नाही, कारण पुण्याचं काम आहे. ही धमकी मी लग्नापासून देत आलेय. कोणी मनावर घेत नाही. मीसुद्धा घेत नाही.

तर मी तणतणत शुक्ला दीदीच्या स्कूटरवर मागे बसून फॅक्टरीत गेले. आमची फॅक्टरी संरक्षण खात्याची. आत मोबाइल न्यायचा नाही. गेटवर जमा करायला मोठी लाइन असते, म्हणून आम्ही दोघी आपापले फोन स्कूटरच्या डिक्कीत ठेवतो आणि आत जातो. त्या दिवशी दीदीकडे कटनीहून सासरचे पाहुणे आले होते, त्यांना भेडाघाट दाखवायचं होतं. अर्धी सुट्टी घेऊन ती दुपारी निघाली. मला म्हणाली, आज तू ऑटोने जा. मी म्हटलं चलो ठीक है. माझा फोन डिक्कीतच आहे, हे तिच्याही लक्षात नाही आणि माझ्याही नाही. पाहुणे टेम्पोत, पुढे स्कूटरवर दीदी, आणि दीदीच्या खाली डिक्कीत मी!

पुढचं सगळं मला नंतर कळलं. यांनी जेवण आटोपून बडीशेप तोंडात टाकली आणि फोन उघडला. ठिपका मेडिकल कॉलेजच्याही पुढे, शहराबाहेर निघालेला. बघता बघता भेडाघाटच्या वाटेवरचं तेवर गावही मागे पडलं. यांनी फोन लावला, मी उचलेना. (कशी उचलणार? मी ऑफिसात फाइलींच्या ढिगाऱ्यात होते!) मग पुण्याला फोन. पराग ऑफिसची मीटिंग सोडून उठला. त्याने तिकडून बघून सांगितलं की बॅटरी भरपूर आहे, रेंज आहे, म्हणजे आई मुद्दामच फोन उचलत नाही. ठिपका भेडाघाटला धुआँधार धबधब्यापाशी जाऊन थांबला. नर्मदेचा काठ, सकाळचं भांडण. दोघांनी मिळून हिशेब मांडला की आई परिक्रमेला निघाली.

इथपर्यंतही मी माफ केलं असतं. पण आमच्या सेक्शनमध्ये लँडलाइन आहे, आणि यांनी ती लावलीही होती. फोन पटेलजींनी उचलला. ते म्हणाले, "मैडम तो यहीं बैठी हैं, बात कराऊँ?"

तर आमचे हे म्हणतात, "नहीं नहीं, वो कोई और होंगी. हमारी वाली भेड़ाघाट में हैं."

आणि ठेवून दिला फोन. पटेलजी माझ्याकडे संशयाने बघत राहिले. मला वाटलं, आज केसांचा रंग जास्त झाला असेल.

यांनी शेजारच्या तिवारीजींना गाडी काढायला लावली. सोबत माझी शाल, शुगरच्या गोळ्या आणि दोन साड्या घेतल्या. म्हणजे मला आणायला निघाले होते की सोडायला, हे मला अजून समजलेलं नाही. वाटेत यांनी तिवारीजींना ठिपका दाखवला आणि वैतागून सांगितलं की परिक्रमेत नर्मदामाई उजव्या हाताला ठेवून चालायचं असतं आणि ही डावीकडे ठेवून चालली, हिला परिक्रमासुद्धा धड करता येत नाही. हे तिवारीजींनी मला नंतर मुद्दाम सांगितलं.

भेडाघाटला ठिपका सापडला तो पार्किंगमध्ये. यांनी फोन लावला तर एका स्कूटरची सीट वाजायला लागली. हे सीटला कान लावून बसले, मग डिक्की ठोकायला लागले. पार्किंगवाल्याला वाटलं चोर आहे, त्याने मागून कॉलर धरली. तेवढ्यात शुक्ला दीदी पाहुण्यांबरोबर भुट्टा खात आली आणि तिने विचारलं, "भाई साहब, आप मेरी डिक्की में भाभी को ढूँढ रहे हैं क्या?" तेव्हा कुठे कॉलर सुटली.

इकडे मी संध्याकाळी ऑटोने घरी आले तर दाराला कुलूप. किल्ली पर्समध्ये शोधून राहिले होते, एवढ्यात शेजारच्या तिवारी भाभी बाहेर आल्या. माझ्याकडे बघितलं, डोक्यावर पदर घेतला आणि वाकून माझ्या पायाच पडल्या! "दीदी, आप लौट आईं? इतनी जल्दी?" मला वाटलं भाभींना ऊन लागलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. अख्ख्या गल्लीत बातमी होती, दोन बायकांनी तर वाटेत लागेल म्हणून माझ्यासाठी सत्तूसुद्धा बांधून ठेवलं होतं. मी विचारलं, पण यांना कोणी सांगितलं की मी भेडाघाटला आहे? भाभी अगदी साधेपणाने म्हणाल्या, "भाई साहब फोन में देख लेते हैं न. रोज ही देखते हैं."

रोज!

मी तिथेच पायरीवर बसले. कोथिंबीर आठवली, ब्लाउज आठवलं, एकेक गुरुवार आठवला. शुक्ला दीदीच्या डोळ्यांतलं पाणी आठवलं. शरम वाटली, आणि शरमेच्या वर राग चढला. दिवसभर घर आणि ऑफिस करून माझ्या स्वतःची म्हणून आठवड्यातली ती एक जिलबी होती. तिच्यावरही यांचा पहारा!

हे आले, शाल, साड्या आणि डिक्कीतून सुटलेला माझा फोन हातात. मी आधी यांना त्यांच्या फोनवरून परागला व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं, दोघांना समोरासमोर घेतलं. पराग लगेच म्हणाला की तुझ्या सेफ्टीसाठीच केलं, आणि अंगठा तर तूच दिला.

"अंगठा मी फोन साफ करायला दिला होता. काहून नाही विचारलं मला?"

"विचारलं असतं तर तू हो म्हटलं असतंस?"

"नसतं म्हटलं."

"म्हणूनच नाही विचारलं, आई."

माझ्या पोटच्या पोराचं हे उत्तर! मी त्याला म्हटलं, अच्छा, मग तुझा ठिपका दाखव. तर तो केसांतून हात फिरवायला लागला. म्हणाला, माझं वेगळं आहे, माझी प्रायव्हसी आहे न. मी माझा फोन यांच्या हातातून घेतला आणि परागला सांगितलं की तुझी प्रायव्हसी ज्या पोटातून आली, त्या पोटाचीही थोडी असते. आत्ताच्या आत्ता काढ ते.

त्याने कसं काढायचं ते मुकाट्याने सांगितलं. या वेळी अंगठा मी स्वतःहून लावला, स्वच्छ धुऊन.

हे खुर्चीत बसून होते. हळूच म्हणाले, "दुपारी घर खायला उठतं गं. ठिपका दिसला की वाटायचं, तू आहेस."

मला क्षणभर वाईट वाटलं. पण राग काही उतरला नाही. म्हटलं, "मग फोन करायचा. पटेलजी सांगून राहिले की मी सीटवर बसली आहे, तर मी खोटी आणि तुमचा ठिपका खरा? मला विचारा न. मी सांगीन कुठे आहे. नाही सांगितलं, तर समजायचं की नाही सांगायचं." यांनी मान हलवली. तेव्हापासून दुपारी सेक्शनच्या लँडलाइनवर यांचा फोन येतो, पटेलजी हसत रिसीव्हर माझ्याकडे देतात, आणि हे विचारतात, "काय करून राहिली?" आता विचारलं की बरं वाटतं, हे मी यांना अजून सांगितलेलं नाही.

मग आला गुरुवार. माझा पहिला स्वतंत्र गुरुवार! मी ताठ मानेने बडा फुहाऱ्याला उतरले. फोन वाजला नाही. कोणी कोथिंबीर मागितली नाही. मी चांगली दुप्पट जिलबी घेतली. इतका आनंद एकटीच्या पोटात मावेना, म्हणून एक झकास सेल्फी काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आज मी कुठे आहे, ते कोणालाही माहीत नाही!"

माझ्या मागे हलवायाची कढई होती, आणि कढईवर दुकानाची पाटी.

रात्री ताटात कारलं होतं. मी मुकाट्याने खाल्लं. या वेळच्या कारल्याला माझी पूर्ण संमती होती.