पेन टॅबलेटवरची रेघ

माउसचं डावं बटण एकदा दाबलं की दोनदा लागायला लागलं, तेव्हाच मी नवऱ्याला सांगून टाकलं, "आता माउस नको. मले पेन टॅबलेट पायजे."

मारेगावात आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो, सगळं नवरा शूट करतो आणि मी आतल्या खोलीत बसून एडिट करते. चेहऱ्यावरचे डाग काढायचे, नवरीच्या कपाळावर आलेली हळद पुसायची, मांडवातल्या पंख्याची तार गायब करायची. वीस वर्षांहून जास्त काळ मी हे माउसनं केलं. टेबलावर कोपर टेकवून, तळवा माउसवर टाकून. अलीकडे मनगट दुखायचं. पेन टॅबलेट पाटीसारखी सपाट असते, तिच्यावर पेन फिरवलं की स्क्रीनवर रेघ उमटते. मनगटाला ते बरं, असं कुठंतरी पाहिलं होतं.

पण खरं कारण मनगट नव्हतं. मी मुळात ब्रशवाली बाई. माहेरी, नेरला, बाबांचा स्टुडिओ होता. तेव्हा फोटो धुऊन काढले की त्यांवर धुळीचे बारीक पांढरे ठिपके राहायचे. ते ठिपके एकेक करून बारीक ब्रशनं, शाई लावून, आजूबाजूच्या रंगात मिसळून टाकायचे. बाबा या कामात नावाजलेले होते. मी बारावीत असताना एका दुपारी त्यांनी ब्रश माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "घे. तुझा हात माझ्याहून चांगला आहे." त्यानंतर त्यांनी ब्रश धरला नाही. मी सासरी येईपर्यंत ते सगळं काम माझ्याकडे होतं, आणि ते वाक्य मी सासरीही सोबत घेऊन आले. कुणी माझ्या एडिटिंगचं कौतुक केलं की मला ते आठवायचं. म्हणून इतक्या वर्षांनी पुन्हा पेन हातात येणार म्हटल्यावर मी चक्क नवी साडी नेसून यवतमाळला निघाले.

दत्त चौकापासून थोडं आत एक कॉम्प्युटरचं दुकान आहे. तिथली मालकीण माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान, पण तिच्या कामात पक्की. तिनं काउंटरवर तीन-चार माउस आणि दोन टॅबलेट मांडून ठेवले. नवरा बाजूच्या दुकानात लेन्स बघायला गेला.

"ताई, आधी वापरून पाहा. न पाहता घेतलेली टॅबलेट लोक आठ दिवसांत परत आणतात," ती म्हणाली.

मी पेन घेतलं. पेन्सिलपेक्षा किंचित जाड, हलकं. स्क्रीनवर पांढरं कोरं पान होतं. मी डावीकडून उजवीकडे एक रेघ ओढली.

रेघ दातेरी आली. करवतीला असतात तसे दाते, एकसारखे, टोकापासून टोकापर्यंत.

"हे खराब आहे वाटते," मी म्हटलं.

तिनं पेनची निब बदलली. मी पुन्हा रेघ ओढली. तसेच दाते. तिनं वायर बदलली. मग दुसरी, महागाची टॅबलेट जोडली. तेच. तिसऱ्यांदा मी जरा चिडून म्हटलं, "तुमच्या कॉम्प्युटरमधेच काही तरी आहे." तिनं माझ्या हातातून पेन घेतलं आणि माझ्या रेघांच्या खाली एक रेघ ओढली.

तिची रेघ सरळ आली.

मी त्या दोन रेघांकडे पाहत राहिले. ती घाईघाईनं म्हणाली, "सवय नसते ना ताई. पहिल्यांदा सगळ्यांचंच होते असं. थांबा, सेटिंग बदलून देते." तिनं रेघ गुळगुळीत करणारं काही तरी वाढवलं. मी ओढलं, आणि आता माझीही रेघ सरळ आली. पेन पुढे आणि रेघ त्याच्यामागून, जरा उशिरानं, शहाण्यासारखी येत होती. त्यानं मला जास्तच धक्का बसला. यंत्र माझी चूक झाकत होतं, म्हणजे चूक होती.

मी पेन खाली ठेवलं आणि हात हवेत सरळ धरला. बोटं थरथरत होती. फार नाही. पण मी थांबवायचा प्रयत्न केला आणि ती थांबेनात.

नवरा परत आला. "काय झालं? घेतलं काय?"

"माह्या हाताकडे पाहा," मी म्हटलं.

त्यानं पाहिलं. कॅमेऱ्याचा माणूस, नजर बारीक. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मला दिसला. "चाल," तो म्हणाला, "आपण घरी जाऊ."

काहीच न घेता आम्ही निघालो. बसमध्ये मी मांडीवर हात ठेवून बसले होते. मांडीवर तो अगदी शांत असायचा, तेच तर. माउसवरही तो टेकलेला असायचा म्हणून मला कधी कळलं नाही. आणि पेन मी शेवटचं कधी धरलं होतं? सगळं मोबाइलवर लिहायचं, सही करायची वेळही क्वचित. घरी आल्यावर मी वर्तमानपत्राचं पान पसरलेल्या पंज्यावर ठेवून पाहिलं. ते सळसळलं. मग भरलेलं पातेलं उचलून पाहिलं, सुईत दोरा ओवून पाहिला. चार दिवस मी असेच प्रयोग करत होते आणि मनात एकच आजार होता, कंपवात. आमच्याच गल्लीतल्या एका गुरुजींना मी त्यात बसल्या जागी विझत जाताना पाहिलं होतं.

नवऱ्यानं यवतमाळच्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टर वयस्क, कमी बोलणारे. त्यांनी मला कागदावर गोगलगायीसारखं गोल गोल काढायला सांगितलं, एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओतायला सांगितलं. पाणी टेबलावर सांडलं. मला चालवून पाहिलं, हात वळवून पाहिले.

"हा कंपवात नाही," ते म्हणाले.

मला रडू आलं. नवऱ्यानं खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

"हा वेगळा प्रकार आहे. हात कामाला लागला की थरथरतो, टेकवला की थांबतो. हळूहळू वाढू शकतो, पण माणूस यानं अंथरुणाला खिळत नाही. फार अडचण झाली तर गोळी आहे. चहा कमी करा. बरेचदा हा घराण्यातून येतो. तुमच्या आईवडिलांपैकी कुणाला होतं?"

"नाही," मी ठामपणे म्हटलं.

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "आलोच आहो त नेरला जाऊन आईले भेटून येऊ. तिले सांगू." बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. आई तिथंच माझ्या भावाकडे राहते. आम्ही पोचलो तेव्हा ती अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मी तिच्यासमोर बसले, सगळं सांगितलं आणि शेवटी हसत म्हटलं, "डॉक्टर विचारून राह्यले होते, घरात कोणाले होतं काय."

आईचे हात सुपात थांबले.

"अव, तुह्या बाबाले होतं ना," ती म्हणाली. "तुले माहीत नाही?"

"कोणाले?"

"बाबाले. त्याइचा हात लय थरथरे. फोटोवर शाईचे डाग पडू लागले. गिऱ्हाइकानं एकदा फोटो परत केला होता. म्हून त तुले ब्रश देल्ला."

मला बाबा दिसायला लागले, पण ओळखीचे नाही. स्टीलचा पेला दोन्ही हातांनी धरून पाणी पिणारे. आम्हाला वाटायचं, त्यांची पद्धतच आहे. गिऱ्हाइकांसमोर हात सतत पॅन्टच्या खिशात. आम्हाला वाटायचं, रुबाब आहे. माझ्याच घरात, माझ्याच टेबलाशेजारी बसून तो माणूस इतकी वर्षं हात लपवत होता, आणि मला, ठिपका न ठिपका शोधणाऱ्या मुलीला, ते दिसलं नव्हतं.

"मले काहून नाही सांगतलं कोणी?" माझा आवाज चढला होता.

"त्याइनं शपथ घातली होती. म्हणे, पोरगी भिऊन जाईन. मंग ते गेले, अन् तुयं लग्नही कवाचं झालेलं. कायले सांगू?"

"म्हणजे माहा हात चांगला वगैरे सगळं खोटंच."

आईनं सूप बाजूला ठेवलं. "तसं नको म्हणू. ते रात्री मले म्हणत, पोरगीचं काम पाह्यलं काय, मले असं कधी जमलं नसतं. मले खोटं सांगून त्याइले काय भेटत होतं?"

राग गेला नव्हता. आजही पूर्ण गेलेला नाही.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा त्या दुकानात गेले, एकटीच. मालकिणीनं मला ओळखलं. मी सरळ सांगितलं, "माझे हात थरथरतात. काय चालेल ते दाखवा." मग तिनं मनापासून दाखवलं. जड माउस, पातळ माउस, आणि शेवटी एक असा, जो हलवायचाच नसतो. तो टेबलावर बसून राहतो, वर एक गोळा असतो, तो बोटांनी फिरवायचा. तळहात सगळा टेकलेला. मी तासभर दुकानातल्याच एका फोटोवर काम करून पाहिलं. पहिली वीस मिनिटं मी नवरीचं नाकच पुसत होते. नंतर जमायला लागलं. मी तो घेतला. टॅबलेटकडे तिनंही पाहिलं नाही, मीही नाही.

काम हळू होतं आता. एका अल्बमला पूर्वीपेक्षा दोन दिवस जास्त लागतात आणि मी गिऱ्हाइकांना तसं आधीच सांगते. कुणी विचारलं तर कारणही सांगते.

मुलगी अमरावतीला शिकते. तिला सांगायला मी चार-पाच दिवस लावले. रोज व्हिडिओ कॉल व्हायचा आणि रोज मी जेवणाखाणाचं बोलून ठेवून द्यायचे. शेवटी एका रविवारी सकाळी सगळं सांगून टाकलं, माझं, बाबांचं, डॉक्टर घराण्याबद्दल म्हणाले ते.

"मले पण होईन काय?" तिनं विचारलं.

"होऊ शकते. नाही पण होणार. माहीत नाही बाई."

तिनं मोबाइल कशाला तरी टेकवला आणि दोन्ही हात बोटं पसरून कॅमेऱ्यासमोर धरले. मी तिला तसं सांगितलं नव्हतं. "पाह्य बरं आई, तुले बारीक दिसते," ती म्हणाली.

मी पाहिलं. खूप वेळ पाहिलं.